पहिला स्ट्रॅटेजी गेम करताय? भाषा आणि इंजिन या क्रमाने ठरवा

स्ट्रॅटेजी गेम करायचं मनात आलं की पहिला प्रश्न पडतो, "कुठल्या इंजिनमध्ये करू?" इंजिन म्हणजे चित्रं, आवाज, बटणं सांभाळणारं तयार सॉफ्टवेअर. मलाही तोच प्रश्न पडला होता. तीन आठवडे मी इंजिनांची तुलना करणारे व्हिडिओ बघत होते. मग एक इंजिन घेतलं आणि पाच महिने काम केलं. एके दिवशी गेम सेव्ह करायची सोय लिहायला बसले, तेव्हा लक्षात आलं की सेव्ह करावं असं एका जागी काहीच नाही. सैनिकाची उरलेली ताकद त्याच्या चित्राला चिकटलेल्या स्क्रिप्टमध्ये होती. पाळी कोणाची, हे एका बटणाच्या कोडमध्ये होतं. धान्याचा साठा तर वरच्या पट्टीवर छापलेल्या मजकुरातच होता. तो मजकूर वाचायचा, त्याचा आकडा करायचा, वजाबाकी करायची आणि परत छापायचा, असा माझा उद्योग चालला होता.

त्या दिवशी मी इंजिन बदललं असतं, तरी यातलं काहीही सुटलं नसतं. प्रश्न इंजिनचा नव्हताच. स्ट्रॅटेजी गेममध्ये खरा गेम म्हणजे नियम: कोण कुठे जाऊ शकतो, कशाला किती खर्च पडतो, कोण कोणाला हरवतो. ते नियम तुमच्या ताब्यात स्वच्छ असतील, तर इंजिन हा परत घेता येण्यासारखा निर्णय राहतो. ते इंजिनभर विखुरले, की तुम्ही त्या इंजिनला कायमचे बांधले जाता.

व्हेरिएबल, लूप आणि फंक्शन म्हणजे काय एवढं माहीत असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठीच आहे.

१. आधी चार प्रश्नांची उत्तरं लिहून काढा

कागद घ्या आणि खरोखर लिहा. मनातल्या मनात दिलेली उत्तरं दर आठवड्याला बदलतात.

पहिला प्रश्न: गेम पाळीपाळीने चालणार की सतत? म्हणजे टर्न-बेस्ड की रिअल-टाइम? बाकी तीन प्रश्नांपेक्षा हा एकटा जड आहे. रिअल-टाइम गेममध्ये सेकंदाला ६० वेळा पडदा रंगवायचा असेल, तर प्रत्येक फ्रेमला जेमतेम १६.६७ मिलिसेकंद मिळतात. नकाशावर २०० सैनिक आहेत आणि प्रत्येकाने "माझ्या जवळ शत्रू आहे का?" हे बाकीच्या १९९ जणांकडे बघून ठरवायचं, असं साधं धरलं, तर एका फ्रेममध्ये ३९,८०० तपासण्या होतात. सेकंदाला जवळपास २४ लाख. यावर उपाय आहेत. नकाशाचे चौकोन पाडून फक्त शेजारच्या चौकोनात बघायचं, हा त्यातला सगळ्यात सोपा. पण पहिल्याच गेममध्ये नियम, वेग आणि गर्दीत एकमेकांना न धडकता चालणारे सैनिक, असं सगळं एकदम अंगावर घ्यायचं का? माझं स्पष्ट मत आहे: पहिला गेम टर्न-बेस्ड करा. तिथे संगणकाने चाल ठरवायला अर्धा सेकंद घेतला तरी कोणाचं काही बिघडत नाही.

दुसरा: पट कसा? चौकोनी घरं, षटकोनी घरं की मोकळं मैदान? चौकोनी घरांत तिरकी चाल हा कायमचा वाद आहे. तिरकं अंतर खरं तर १.४१ पट असतं. ते १ धरलं तर तिरकं पळणारा घोडेस्वार फुकटात लांब जातो. षटकोनात सहाही शेजारी सारख्याच अंतरावर असतात, पण त्याचं गणित आधी समजून घ्यावं लागतं. ते पुढे येईलच.

तिसरा: विरोधक कोण? संगणक, शेजारी बसलेला मित्र की नेटवर्कवरचा खेळाडू? नेटवर्क पहिल्या गेममध्ये नको. एकाच पडद्यावर दोघांनी आळीपाळीने खेळायचं, हा सुरुवातीला सगळ्यात सोयीचा प्रकार. संगणकाची बुद्धी लिहायच्या आधीच गेम खेळून बघता येतो.

चौथा: गेम कुठे चालणार? ब्राउझर, फोन की संगणक? हे उत्तर चुकलं तर एखादी भाषा ऐन शेवटी बाद होते. म्हणून ते आत्ताच द्यायचं.

२. एक डाव कागदावर खेळा

आठ बाय आठची घरं आखा. शर्टाची बटणं, डाळीचे दाणे, जे हाताशी असेल ते सोंगट्या म्हणून घ्या आणि कोणालातरी समोर बसवा.

माझ्या पहिल्या कागदी डावात तिरंदाज तीन घरं चालायचा आणि दोन घरांवर बाण मारायचा. भालाईत दोन घरं चालायचा आणि शेजारच्यालाच मारायचा. लिहिताना हे ठीक वाटलं होतं. तिसऱ्याच पाळीला माझ्या बहिणीने तिरंदाज मागे घेतला, बाण मारला, परत मागे घेतला, परत बाण मारला. माझा भालाईत त्याच्यापर्यंत पोचूच शकत नव्हता. ती म्हणाली, "ताई, मी आता दुसरं काही का खेळू?" तिचं बरोबर होतं. आम्ही तिरंदाजाची चाल दोन घरांवर आणली, चालल्यावर त्याच पाळीत बाण मारायचा नाही असा नियम केला, आणि डाव एकदम जिवंत झाला. हे सगळं वीस मिनिटांत. हाच दोष कोडमध्ये सापडायला मला आठवडे लागले असते.

असे तीन-चार डाव झाले की नियमांचं एक पान तयार होतं. ते पान जपून ठेवा, पुढच्या सगळ्या निर्णयांना तेच लागणार आहे.

३. नियम एकीकडे, चित्र दुसरीकडे

हा टप्पा घाईत ओलांडू नका. भाषा आणि इंजिन या दोन्हींची निवड इथे ठरते.

गेमचे दोन भाग करा. पहिल्या भागात फक्त नियम आणि डावाची स्थिती: कुठल्या घरात काय आहे, कोणाची ताकद किती, पाळी कोणाची, साठा किती. या भागाला चित्र, आवाज, माऊस, कॅमेरा यातलं काही म्हणजे काहीही माहीत नसतं. दुसऱ्या भागात पडदा: चित्रं, ॲनिमेशन, बटणं.

दोघांमधलं बोलणं असं चालतं. खेळाडूने सातव्या सोंगटीवर आणि मग एका घरावर क्लिक केलं. पडद्याचा भाग स्वतः काहीच हलवत नाही. तो नियमांकडे एक विनंती पाठवतो: "सोंगटी ७, घर (३, ४) वर." नियम तपासतात: पाळी याचीच आहे का, घर रिकामं आहे का, तिथवर चाल पुरते का. सगळं जमलं तर स्थिती बदलतात आणि घडलेल्या गोष्टींची यादी परत देतात: "सोंगटी ७ सरकली. सोंगटी १२ ची ताकद ४ ने कमी झाली. सोंगटी १२ पडली." मग पडदा ती यादी वाचून एकेक ॲनिमेशन दाखवतो.

याचे फायदे लगेच दिसतात. सेव्ह करायचं म्हणजे स्थिती फाइलमध्ये लिहायची, संपलं. चाल मागे घ्यायची तर आधीची स्थिती परत आणायची. संगणकाचा खेळाडूही हीच विनंती पाठवतो, त्यामुळे त्याला चोरवाटेने नियम मोडता येत नाहीत. आणि पडदा न उघडता एका रात्रीत हजार डाव आपोआप खेळवून कुठली फौज सारखी जिंकतेय, हे मोजता येतं.

मोठ्या गेममध्येही अशी विभागणी दिसते. २००५ सालच्या सिव्हिलायझेशन ४ मध्ये जड काम सी प्लस प्लसमध्ये होतं, स्क्रिप्टिंग पायथनमध्ये, आणि सैन्य-इमारतींचे आकडे एक्सएमएल नावाच्या मजकूर फायलींमध्ये. मुक्त स्रोत असलेल्या, म्हणजे कोड सगळ्यांना खुलं असलेल्या, झिरो एडी या स्ट्रॅटेजी गेमचं इंजिन सी प्लस प्लसमध्ये आहे आणि गेमचं वागणं जावास्क्रिप्टमध्ये. त्यांची कारणं आपल्यापेक्षा मोठी होती, पण धडा आपल्याही कामाचा आहे: आकडे कोडमध्ये कोंबू नका. तिरंदाजाची ताकद, खर्च, पल्ला हे जेसन नावाच्या मजकूर फाइलमध्ये किंवा साध्या तक्त्याच्या फाइलमध्ये ठेवा. तोल सांभाळताना हे आकडे शंभरदा बदलणार आहेत.

स्वतःची परीक्षा घ्यायची एक सोपी रीत सांगते. नियमांच्या फायली उघडा आणि त्यात इंजिनच्या एखाद्या दृश्य घटकाचं नाव येतंय का ते शोधा. सापडलं, तर तिथे गळती आहे.

४. भाषा निवडा

तुम्हाला एखादी भाषा आधीच बरी येत असेल, तर शक्यतो तीच घ्या. नवीन भाषा, नवीन इंजिन आणि नवीन प्रकारचा गेम या तीन गोष्टी एकदम शिकायला घेतल्या, तर चूक नक्की कुठे आहे हेच कळत नाही.

कोरी पाटी असेल तर माझी शिफारस जीडीस्क्रिप्टची. ही गोडो इंजिनची स्वतःची भाषा आहे. दिसायला पायथनसारखी, आणि इंजिनमध्येच लिहायची, चालवायची सोय असल्याने सुरुवातीची डोकेदुखी वाचते. तिची मर्यादा म्हणजे गोडोच्या बाहेर ती चालत नाही. नियम दुसरीकडे न्यायचे झाले तर परत लिहावे लागतील. मात्र नियम वेगळे ठेवलेले असतील, तर लहान गेमसाठी ते काम आठवड्याभराचं असतं.

सी शार्प थोडी जास्त शिस्त मागते, पण त्या शिस्तीचं मोल स्ट्रॅटेजी गेममध्ये फार लवकर कळतं. शंभर प्रकारच्या वस्तू एकमेकांशी बोलत असताना, तुम्ही सोंगटीच्या जागी घर दिलंत हे गेम चालवायच्या आधीच ती सांगते. युनिटी या इंजिनात हीच भाषा आहे, गोडोतही चालते, मोनोगेम या तयार कोडच्या लायब्ररीतही चालते. म्हणजे नियमांचा भाग उचलून नेता येतो. मुक्त स्रोत असलेला ओपनआरए हा रिअल-टाइम स्ट्रॅटेजी गेमही सी शार्पमध्येच लिहिलाय, त्याचं कोड वाचायला मिळतं.

पायथन नियम करून बघायला उत्तम. पायगेम ही लायब्ररी घेऊन लहानसा टर्न-बेस्ड गेम पुराही होतो. पण फोनवर किंवा ब्राउझरमध्ये पोचवायची वेळ आली की वाट खडतर होते. गेम ब्राउझरसाठीच असेल तर जावास्क्रिप्ट किंवा टाइपस्क्रिप्ट सरळ मार्ग आहे, सोबत फेझर ही लायब्ररी. सी प्लस प्लस पहिल्या गेमसाठी घेऊ नका, ती आधीपासून येत नसेल तर. टर्न-बेस्ड गेमला तिच्या वेगाची गरज क्वचितच पडते, आणि मेमरीच्या चुका शोधण्यात तुमचा नियमांवरचा वेळ जातो. रस्टबद्दलही तूर्त हेच म्हणेन.

भाषा कोणतीही घ्या, पण दोन गोष्टी पहिल्याच दिवशी तपासा.

एक, भागाकार. ताकद ७ आहे आणि अर्धा मार द्यायचाय. जीडीस्क्रिप्ट आणि सी शार्पमध्ये दोन पूर्णांकांचा भागाकार केला तर ३ मिळतात. पायथनमध्ये साध्या भागाकाराने ३.५ येतात, ३ हवे असतील तर दुहेरी तिरकी रेघ लागते. आणि उणे आकड्यांत पायथनची ती दुहेरी रेघ उणे ७ चे उणे ४ करते, सी शार्प मात्र उणे ३ देते. कागदावरचा नियम "अर्धा" म्हणतो. पूर्णांक कुठल्या बाजूला करायचा ते नियमांच्या पानावर लिहून ठेवा.

दोन, प्रत आणि मूळ. इथे माझे चार दिवस गेले. संगणकाचा खेळाडू लिहिला होता. तो मनात चाल करून बघायचा, गुण मोजायचा आणि मग सगळ्यात चांगली चाल खेळायचा. पण त्याची पाळी आली की माझ्या तिरंदाजांची ताकद कमी व्हायची, एकही हल्ला न होता. पडद्यावर दोन तिरंदाज उभे, कोणी हललेलं नाही, आणि आकडा ९ वरून ५ वर आलेला. झालं असं होतं की "मनातला" पट म्हणून मी यादीची प्रत घेतली होती, पण ती वरवरची. यादी नवीन होती, तिच्यातल्या सोंगट्या त्याच जुन्या. संगणक विचार करत होता आणि त्याच्या विचारातले बाण खऱ्या सैनिकांना लागत होते. जीडीस्क्रिप्ट, पायथन, जावास्क्रिप्ट, सी शार्प या सगळ्यांत हा धोका आहे, कारण यादी किंवा वस्तू दुसऱ्या नावाला दिली की मूळच दिलं जातं. स्थितीची पूर्ण खोल प्रत काढणारं एक फंक्शन सुरुवातीलाच लिहा आणि ते खरंच वेगळी प्रत देतं का, याची चाचणीही लिहा: प्रतीत ताकद बदला, मूळ जागेवर आहे का बघा.

५. आता इंजिन

इथवर आल्यावर यादी आपोआप छोटी झालेली असते.

गोडो. मुक्त स्रोत, एमआयटी परवाना, कितीही कमाई झाली तरी इंजिनला काही देणं नाही. डाउनलोड छोटं, जुन्या लॅपटॉपवरही चालतं. द्विमितीय पटासाठी टाइलची, म्हणजे घराघराच्या चित्रांची, सोय चांगली आहे, चौकोनी आणि षटकोनी दोन्ही. २०२४ मध्ये आलेल्या ४.३ आवृत्तीपासून प्रत्येक थर वेगळ्या नोडमध्ये (गोडोत गेम ज्या तुकड्यांनी रचतात त्यातला एक) ठेवतात, त्यामुळे जुन्या धड्यांमधली टाइलमॅपची पद्धत आता तशीच जुळत नाही. धडा कुठल्या आवृत्तीचा आहे हे आधी बघा. वाट शोधण्यासाठी चौकोनी पटाला ए-स्टार, म्हणजे सगळ्यात स्वस्त वाट शोधायची रीत, तयार मिळते. षटकोनी पटाला तोच तयार जाळीचा प्रकार चालत नाही, तिथे साधा ए-स्टार घेऊन घरं आणि शेजार स्वतः जोडावे लागतात. सी शार्प वापरणाऱ्यांसाठी एक सूचना: गोडो ४ मध्ये सी शार्पचा गेम वेबसाठी काढताना अडचण येते. ब्राउझर हवा असेल तर जीडीस्क्रिप्ट घ्या, किंवा निदान तुमच्या आवृत्तीत हे जमतं का ते पहिल्याच दिवशी बघा.

युनिटी. शिकण्याचं साहित्य उदंड, फोनवर गेम नेणं रुळलेलं, आणि एंडलेस लेजंडसारखे मोठे टर्न-बेस्ड गेम यात झालेत. पण पसारा मोठा आहे. एकाच कामाच्या दोन-तीन पद्धती सापडतात आणि नवख्याला कुठली चालू, कुठली जुनी ते कळत नाही. परवान्याकडेही लक्ष हवं: २०२३ च्या सप्टेंबरमध्ये कंपनीने दर इन्स्टॉलमागे शुल्क जाहीर केलं आणि वर्षभराने, २०२४ च्या सप्टेंबरमध्ये, ते रद्द केलं. आज ते शुल्क नाही, पण अटी बदलू शकतात हे त्यातून दिसलं.

अनरिअल. देखणी त्रिमिती, सी प्लस प्लस किंवा ब्लूप्रिंट नावाची चित्रातून जोडायची पद्धत. २०१२ चा एक्सकॉम: एनिमी अननोन याच्याच तिसऱ्या पिढीवर झाला, त्यामुळे टर्न-बेस्ड गेम होत नाहीत असं नाही. रॉयल्टी साधारणपणे एका गेमची एकूण कमाई १० लाख डॉलरपुढे गेल्यावर ५ टक्के. पण एकट्याच्या पहिल्या द्विमितीय पटासाठी हे इंजिन फार जड पडतं. नियम ब्लूप्रिंटमध्ये रचले तर तारांचं जाळं वाढत जातं आणि दोन आवृत्त्यांमध्ये काय बदललं ते वाचणंही अवघड होतं.

इंजिन न घेता फक्त लायब्ररीवर काम करणं हाही पर्याय आहे: पायगेम, मोनोगेम, लव्ह, लिबजीडीएक्स. अनसिव्ह हा मुक्त स्रोत टर्न-बेस्ड गेम कोटलिन आणि लिबजीडीएक्सवर उभा आहे. मात्र बटणं, सरकपट्ट्या, माहितीच्या चौकटी हे सगळं बरंचसं स्वतः करावं लागतं, आणि स्ट्रॅटेजी गेममध्ये या चौकटीच सगळ्यात जास्त असतात. नवखे इथे फसतात. लढाई दोन आठवड्यांत उभी राहते. शहराची माहिती दाखवणारी खिडकी महिना खाते. म्हणून इंजिन बघताना त्याची बटणं-खिडक्यांची सोय आधी बघा, प्रकाश-सावल्या नंतर.

गेममध्ये मराठी मजकूर हवा असेल, तर पहिल्या दिवशी "क्षेत्ररक्षक", "तिरंदाज", "दुर्ग" हे तीन शब्द पडद्यावर छापून बघा. जोडाक्षर फुटलं, रफार भलत्या जागी गेला किंवा पहिली वेलांटी अक्षराच्या मागे पडली, तर त्या इंजिनची मजकूर जुळवणी देवनागरीला पुरी पडत नाही. गोडो ४ मध्ये देवनागरी फाँट दिला की हे नीट जुळतं. युनिटीच्या नेहमीच्या टेक्स्टमेश प्रोमध्ये जोडाक्षरांसाठी वेगळी तजवीज करावी लागते.

६. एका आठवड्याची चाचणी

दोन इंजिनं मनात घोळत असतील तर व्हिडिओ बंद करा आणि दोन्हींत हेच छोटं काम करा:

– दहा बाय दहाचा पट, त्यावर तीन प्रकारची जमीन.
– एक सोंगटी निवडली की ती जाऊ शकेल ती घरं रंगून दिसावीत.
– क्लिक केलं की ती वाटेने चालत जावी, डोंगराला वळसा घालून.
– "पाळी संपली" हे बटण, आणि दोन खेळाडू.
– सेव्ह करून, गेम बंद करून, परत तिथूनच सुरू.
– गेम निर्यात करून दुसऱ्या यंत्रावर चालवणं.

शेवटची दोन कामं गाळू नका. बहुतेक जण चौथ्यावर थांबतात आणि ठरवून टाकतात, पण पुढचं दुखणं पाचव्या-सहाव्यातच असतं. आठवडा संपला की स्वतःला एवढंच विचारा: अडकले तेव्हा उत्तर किती वेळात सापडलं? मी तेव्हा दोन्हीकडे हा वेळ वहीत टिपला होता, आणि निवड त्या आकड्यांनीच केली.

७. पुढे लागणारे खड्डे

षटकोनांना रांग-स्तंभ असे आकडे देणं. सम आणि विषम रांगेचे शेजारी वेगवेगळे निघतात आणि प्रत्येक फंक्शनमध्ये "रांग सम असेल तर" येत राहतं. त्याऐवजी प्रत्येक घराला तीन आकडे द्या, ज्यांची बेरीज नेहमी शून्य. मधलं घर (०, ०, ०) धरलं तर (३, −१, −२) हे घर किती लांब? चिन्हं सोडून बेरीज करा, ३ + १ + २ म्हणजे ६, तिचं निम्मं ३. तीन घरं. सगळ्या पटावर हे एकच सूत्र चालतं. साठवताना दोनच आकडे ठेवले तरी पुरतं, तिसरा काढता येतो.

वाट शोधणं स्वतः नव्याने शोधून काढणं. ए-स्टार १९६८ मध्ये पीटर हार्ट, निल्स निल्सन आणि बर्ट्रम राफेल यांनी मांडला आणि आजही तोच वापरतात. तो एकदा हाताने लिहून समजून घ्या, आनंदही मिळेल. एक चूक मात्र सर्रास होते: उरलेल्या अंतराचा अंदाज खऱ्या खर्चापेक्षा जास्त धरला, तर सगळ्यात स्वस्त वाट मिळेलच याची खात्री जाते. रस्त्यावर अर्धाच खर्च पडत असेल, तर अंदाजही त्या अर्ध्या दरानेच धरायला हवा.

संगणकाला सगळ्या शक्यता तपासायला लावणं. दहा सोंगट्या आणि प्रत्येकीला वीस पर्याय असले, तर एका पाळीच्या जोड्या दहा लाख कोटींहून जास्त होतात. हे कुठलीच भाषा सोडवणार नाही. एकेका सोंगटीच्या चालीला गुण द्या: जवळचा शत्रू, किल्ल्याचं रक्षण, स्वतःचा धोका. सुरुवातीला एवढ्यावरही विरोधक बरा खेळतो.

नशिबाचे आकडे मोकाट सोडणं. यादृच्छिक आकड्यांचं बीज, म्हणजे ज्या आकड्यापासून पुढचे सगळे नशिबाचे आकडे निघतात तो, डावाच्या स्थितीतच साठवा. नाहीतर हल्ला फसला की सेव्ह उघडून परत मारणारा खेळाडू शेवटी जिंकतोच, आणि तुम्हालाही एखादी चूक परत घडवून बघता येत नाही.

उद्या नेटवर्क लागेल म्हणून आज तयारी करणं. १९९७ च्या एज ऑफ एम्पायर्समध्ये शेकडो सैनिकांची जागा पाठवण्याऐवजी फक्त खेळाडूंचे हुकूम पाठवले जात आणि प्रत्येक संगणक तोच डाव स्वतः चालवत असे. तुमचे नियम वेगळे असतील, विनंत्या ठरलेल्या असतील, आकडे पूर्णांक असतील आणि बीज साठवलेलं असेल, तर या रस्त्याची अर्धी तयारी आपसूक झालेली असते. त्याहून जास्त आत्ता काही नको.

८. हाताशी काय काय हवं

नियमांचं पान, कागदी पटासह. आवृत्त्या जपण्यासाठी गिट. पहिल्या दिवसापासून, एकटे असलात तरी. गोडोचा लपलेला कामचलाऊ फोल्डर आणि युनिटीचा लायब्ररी फोल्डर गिटमध्ये घालू नका, पण युनिटीच्या मेटा फायली मात्र घालाच. त्या घालायच्या राहिल्या की चित्रांचे दुवे तुटतात. नकाशे आखायला टाइल्ड. चित्रांसाठी क्रिता किंवा लिब्रेस्प्राइट. तयार चित्रं हवी असतील तर केनीचे संच सीसी-झिरो परवान्याखाली, म्हणजे कुठल्याही अटीविना, मिळतात. इतर कुठूनही काही घेतलंत, तर फाइलचं नाव, कुठून घेतली, परवाना कोणता आणि तारीख, हे एका तक्त्यात त्याच क्षणी लिहा. वर्षभराने ते आठवत नाही आणि मग चांगली चित्रं काढून टाकावी लागतात. इंजिनच्या परवान्याची तुम्ही उतरवलेल्या दिवशीची प्रतही त्याच फोल्डरमध्ये असू द्या.

प्रकाशनाचा विचार आत्ता एवढाच पुरे: इच.आयओवर गेम ठेवायला पैसे लागत नाहीत, स्टीमवर दर गेममागे १०० डॉलर भरावे लागतात. पहिला गेम आधी इचवर.

अजूनही ठरत नसेल तर माझ्याकडून हे घ्या: गोडो, जीडीस्क्रिप्ट, चौकोनी पट, टर्न-बेस्ड, एकाच पडद्यावर दोघे. आज रात्री इंजिन उतरवू नका. आज आठ बाय आठची घरं आखा, बटणं काढा आणि कोणालातरी समोर बसवा.